पाचवे सिक्खापद आणि आत्मसंयमाचे मानसशास्त्र

खांदेश्वर परिसरातील आमच्या विहारात दर रविवारी सकाळी त्रिसरण-पंचशील ग्रहण केले जाते. मागच्या बाजूस बसणाऱ्याच्या एक गोष्ट सहज ध्यानात येते. पहिली चार शीले सर्वजण मोकळ्या आवाजात म्हणतात. पाचव्या शीलाशी आल्यावर मात्र काही आवाज खाली येतात, काही ओठ नुसतेच हलतात. अशाच खालच्या आवाजात म्हणणाऱ्या एका वयस्क गृहस्थांनी मध्यंतरी विहारात येणेच सोडले. चौकशीसाठी त्यांच्या घरी गेलो तेव्हा ते म्हणाले, "सर, दर आठवड्याला तथागतांसमोर उभे राहून खोटे बोलायचे, म्हणजे पाचव्याबरोबर चौथेही शील मोडायचे. त्यापेक्षा न आलेले बरे."

या उद्गाराला त्या दिवशी मला नीट उत्तर देता आले नाही. प्रस्तुत लेख म्हणजे तो प्रयत्न होय.

त्या गृहस्थांच्या बोलण्यात एक गृहीतक आहे. पाचवे शील म्हणजे साधकाने स्वतःच्या वर्तनाविषयी केलेले विधान, असे ते समजतात. ते विधान वस्तुस्थितीशी जुळले नाही तर असत्य ठरते, हे ओघानेच आले. परंतु पालि वाक्याची रचना तशी नाही. त्यातील अखेरची तीन पदे, वेरमणी, सिक्खापद आणि समादियामि, सावकाश पाहण्यासारखी आहेत.

'वेरमणी' हे पद वि + रम् या धातूपासून आले आहे. रमणे आणि विरमणे ही जोडी मराठीतही आहे. 'विराम' हा त्याच कुळातील शब्द. ज्यात मन रमले होते तेथून ते मागे घेणे, थांबणे, एवढाच त्याचा मूळ अर्थ. खुद्दकपाठाच्या अट्ठकथेत मात्र वेराला, म्हणजे वैराला, चिरडून टाकणारी ती वेरमणी अशी व्युत्पत्ती दिली आहे. व्याकरणदृष्ट्या ती टिकणारी नाही. अट्ठकथाचार्यांना शब्दाच्या ध्वनीतून बोध काढण्याची हौस होतीच.

'सिक्खापद' या शब्दाने आपल्या समाजात बरीच गफलत केली आहे आणि तिचा दोष मराठीकडे जातो. 'शिक्षा' हा शब्द मराठीत दंड या अर्थी रूढ झाला. शिकविण्याच्या अर्थासाठी आपण 'शिक्षण' राखून ठेवले. परिणामी 'शिक्षापद' म्हणताच मराठी कानाला कायद्याचे कलम ऐकू येते: मोडले की दंड. पालि 'सिक्खा'मध्ये दंडाचा मागमूस नाही. धातुपाठ 'शिक्ष्' हा धातू स्वतंत्र देतो, परंतु भाषाशास्त्रज्ञ त्याला 'शक्' धातूचे इच्छार्थक रूप मानतात. 'शक्' म्हणजे समर्थ असणे. 'शिक्ष्' म्हणजे समर्थ होण्याची इच्छा धरणे. जे आज जमत नाही ते जमावे म्हणून केलेला अभ्यास ती सिक्खा, आणि त्या अभ्यासाची पायरी ते सिक्खापद. ज्याला सर्व साधले आहे त्याला सिक्खा उरत नाही; म्हणूनच अर्हताला 'असेख' म्हटले जाते. शिकणारा तो सेख.

राहिले 'समादियामि'. सं + आ + दा, म्हणजे स्वतःकडे घेणे, अंगीकारणे. क्रियापद वर्तमानकाळी, उत्तमपुरुषी आहे. मी हा अभ्यास या क्षणी हाती घेत आहे, एवढेच ते सांगते. काल काय केले याची ग्वाही त्यात नाही आणि उद्याचे भाकीतही नाही. हाती घेताना मनात हाती घेण्याची इच्छा असली की वाक्य खरे झाले. ते असत्य ठरते ते इच्छाच नसताना केवळ रीत म्हणून उच्चारले तर. आणि त्या कसोटीला मोठ्या आवाजात म्हणणाऱ्यांपैकीही कितीजण उतरतील, हा प्रश्न वेगळा.

पाचव्या शीलात ज्या पदार्थांपासून थांबावयाचे ते विनयपिटकाने नेमके सांगितले आहेत. पाचित्तिय ५१ च्या विवरणात सुरा म्हणजे पीठ, भात इत्यादींपासून केलेली, आणि मेरय म्हणजे फुले, फळे, मध, गूळ यांच्या आसवापासून केलेले. आपल्याकडील मोहाचे आणि गुळाचे प्रकार दुसऱ्या वर्गात मोडतील. या नियमाची उत्पत्तिकथा मार्मिक आहे. सागत नावाच्या भिक्खूने अंबतित्थ येथे एका भयंकर नागाला आपल्या इद्धिबलाने नमविले. त्याची कीर्ती कोसंबीस पोचली आणि तेथील उपासकांनी कौतुकाने घरोघरी त्याच्यापुढे मद्य ठेवले. परिणामी तो नगरद्वारापाशी कोसळला. भिक्खूंनी त्याला उचलून आणून तथागतांच्या दिशेने डोके करून निजविले, तर तो उलटला आणि त्याने पाय तथागतांकडे केले. तेव्हा तथागतांनी विचारले, ज्याने नागाशी झुंज घेतली तो आता पाण्यातल्या साध्या सापाशी तरी झुंजू शकेल काय? या कथेत दुर्बळ मनुष्य पडलेला नाही. पडला तो सामर्थ्यवान, आणि त्याला पाडले ते आदर करणाऱ्यांच्या आग्रहाने. शीलवाक्यातील 'पमादट्ठान' या पदाचा रोख येथे कळतो. पमाद म्हणजे स्मृती सुटणे, भान सुटणे. मद्य हे त्याचे 'ठाण', म्हणजे उभे राहण्याची जागा.

आत्मसंयम म्हणजे इच्छाशक्तीचे बळ, ही समजूत सर्वत्र रूढ आहे. ज्याचे बळ जास्त तो मोहाला जिंकतो, ज्याचे कमी तो हरतो. विसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकन मानसशास्त्रानेही हीच कल्पना उचलून धरली. रॉय बाउमाइस्टर आणि सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. समोर चॉकलेटची बिस्किटे असताना ज्यांना केवळ मुळे खाण्यास सांगितले, त्यांनी नंतर दिलेले न सुटणारे कोडे लवकर सोडून दिले. निष्कर्ष असा काढला गेला, की संयमाचे बळ स्नायूसारखे असून वापरले की थकते. ही उपपत्ती फार लोकप्रिय झाली. पुढे २०१६ मध्ये तेवीस प्रयोगशाळांनी मिळून दोन हजारांहून अधिक व्यक्तींवर याच उपपत्तीची चाचणी घेतली, तेव्हा परिणाम जवळजवळ शून्य आढळला. दरम्यान क्रिश्ना सवानी आणि व्हेरोनिका योब यांनी २०१७ मध्ये भारतीय सहभागींवरील प्रयोग प्रसिद्ध केले. एक कठीण, मन आवरावे लागणारे काम केल्यावर पुढच्या कामात हे लोक थकण्याऐवजी अधिक बरे काम करताना दिसले. संयमाने बळ खर्च होत नाही, वाढते, अशी धारणा आपल्याकडे अधिक आढळते, असे त्यांचे स्पष्टीकरण आहे. उपवास, व्रते, अधिट्ठान यांच्या या देशात ते अगदीच अनपेक्षित म्हणता येणार नाही. एका अभ्यासावर फार भार टाकू नये, हेही खरे.

मला अधिक महत्त्वाचा वाटतो तो जर्मनीत झालेला आणि २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेला विल्हेल्म हॉफमन व सहकाऱ्यांचा अभ्यास. सुमारे दोनशे प्रौढांना दिवसातून अनेकदा अवचित संदेश पाठवून, या घडीला मनात कोणती इच्छा आहे आणि तिच्याशी झगडा चालला आहे काय, असे विचारले गेले. ज्यांचा आत्मसंयम उत्तम म्हणून गणला जात होता, त्यांनी मोहाशी झगडा कमी वेळा नोंदविला. म्हणजे ते शूरपणाने लढत नव्हते. लढाईची वेळच त्यांच्यावर कमी येत होती.

अट्ठसालिनीतील एका उपासकाची कथा येथे आठवते. सिंहलद्वीपातील या उपासकाने पिंगलबुद्धरक्खित थेरांकडून शीले घेतली होती. हरवलेला बैल शोधत तो डोंगरावर गेला असता अजगराने त्याला विळखा घातला. हातात धारदार हातकुऱ्हाड होती. डोके छाटावे असे त्याच्या मनात आले. मग वाटले, अशा आदरणीय थेरांकडून शील घेऊन ते मोडणे उचित नव्हे. तीनदा हा विचार आला आणि गेला. अखेर त्याने कुऱ्हाड दांड्यासकट रानात फेकून दिली. अजगराने त्याला सोडले, असे कथा सांगते. कथेचा शेवट ज्याला जसा मानावयाचा तसा त्याने मानावा. माझे लक्ष कुऱ्हाडीकडे आहे. उपासक चौथ्यांदा मनाशी झुंजला नाही. त्याने साधनच हाताबाहेर केले. आचार्य बुद्धघोष अशा विरतीला 'समादानविरति' म्हणतात, म्हणजे पूर्वी अंगीकार केल्यामुळे ऐन प्रसंगी घडणारे थांबणे. ऐन क्षणी त्याच्या मदतीला आली ती ज्यांच्यासमोर शील घेतले त्यांची आठवण.

मज्झिमनिकायातील वितक्कसंठान सुत्त हेच अधिक शास्त्रशुद्ध रीतीने मांडते. मनात अकुशल वितर्क उठले असता करावयाचे पाच उपाय तेथे क्रमाने दिले आहेत. पहिला, त्या जागी कुशल विषय आणणे, जसा सुतार बारीक खुंटी ठोकून जाड खुंटी बाहेर काढतो. दुसरा, त्या वितर्काचे अनिष्ट परिणाम पाहणे. तिसरा, त्याकडे लक्षच न देणे. चौथा, त्याचा वेग पायरीपायरीने मंद करणे: धावणारा चालू लागतो, चालणारा उभा राहतो, उभा असलेला बसतो, बसलेला निजतो. हे चारही थकल्यावर पाचवा, दातावर दात रोवून मनाने मनाला दाबणे. ज्याला आपण संयम म्हणतो आणि शेजाऱ्याकडून ज्याची अपेक्षा करतो, तो हा पाचवा उपाय. तथागतांनी तो सर्वांत शेवटी ठेवला. महासच्चक सुत्तात बोधिसत्त्वाने स्वतः हाच दात रोवण्याचा प्रयोग उग्र तपश्चर्येच्या काळात केल्याचे सांगितले आहे. काखेतून घाम वाहिला, देह अशांत झाला, आणि तो मार्ग बोधीकडे नेणारा ठरला नाही. डॅनियल वेगनर यांनी १९८७ मध्ये दाखविले, की पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका असे सांगितले की तोच विचार पुन्हापुन्हा येतो. दडपणाचे हे वैगुण्य आपल्या परंपरेने ध्यानातील अनुभवावरून ओळखले होते.

धर्म आणि आत्मसंयम यांचा संबंध जोडणाऱ्या संशोधनाचा आढावा मायकेल मॅककुलो आणि ब्रायन विलोबी यांनी २००९ मध्ये घेतला. धर्माचरण करणाऱ्यांत आत्मसंयम अधिक आढळतो, आणि त्याची संभाव्य कारणे म्हणजे ध्येयाची स्पष्टता, स्वतःवर लक्ष ठेवण्याची सवय, समुदायाची नजर व विधींचा सराव, असा त्यांचा आशय आहे. त्यांची सामग्री बहुतांशी पाश्चात्त्य व ख्रिस्ती समाजातील आहे. आपल्याला उदाहरणासाठी तितके दूर जाण्याचे कारण नाही. आपला पनवेल तालुका ज्या रायगड, म्हणजे पूर्वीच्या कुलाबा, जिल्ह्यात येतो, त्याच जिल्ह्यातील महाड येथे १९ व २० मार्च १९२७ रोजी कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली. चवदार तळ्याच्या सत्याग्रहामुळे परिषदेची दुसरी बाजू झाकली जाते. बाबासाहेबांनी तेथे मेलेल्या जनावराचे मांस सोडण्याचे आणि उष्टे न घेण्याचे आवाहन केले. हे अन्न हौसेचे नव्हते. वतनाच्या रिवाजाने पदरी आलेले, उपाशी घराला आयते मिळणारे ते अन्न होते, आणि ते नाकारणे म्हणजे गावाचा रोष ओढवून घेणे होते. तरीही खेड्याखेड्यांतील लोकांनी ते सोडले. डिसेंबर १९२७ मध्ये महाडलाच स्त्रियांसमोर बोलताना बाबासाहेबांनी हे मांस घरात येऊ न देण्याची जबाबदारी त्यांच्यावर सोपविली.

येथे प्रत्येकाने एकट्याने भुकेशी दात रोवून झुंज दिली असती तर काय झाले असते, याची कल्पना करता येते. निर्णय सभेत, सर्वांसमक्ष झाला. वस्तू उंबऱ्याबाहेर अडविली गेली. आणि खाण्याचा प्रश्न 'मी कोण' या प्रश्नाला जोडला गेला. हे सर्वांत प्रभावी ठरले. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला दिलेल्या बावीस प्रतिज्ञांत सतरावी प्रतिज्ञा मद्यत्यागाची आहे, आणि पुढे एकविसावी नव्या जन्माची. विल्यम जेम्स यांनी १९०२ च्या आपल्या ग्रंथात धर्मांतराने व्यसन सुटलेल्या माणसांची चर्चा करताना 'दोनदा जन्मलेले' असा एक वर्ग कल्पिला आहे. त्याचे शब्दशः मराठी 'द्विज' असे होईल. तो शब्द आपण जेथे आहे तेथेच राहू देऊ.

मग मृतमांस एका पिढीत सुटले आणि दारू का सुटली नाही? माझ्या मते दोन कारणे आहेत. मृतमांसाचा त्याग सामुदायिक होता आणि उघड दिसणारा होता. दारूचा त्याग आपण व्यक्तीच्या अंगावर टाकला आणि हळदीपासून जयंतीच्या रात्रीपर्यंत तिला जागा मात्र ठेवली. कोसंबीच्या उपासकांचे काम आपणही करीत आलो आहोत. दुसरे कारण, व्यसन जडलेल्या शरीराची गोष्ट निराळी असते. अशा माणसाने एकाएकी दारू तोडली तर जिवाला धोका होऊ शकतो. तेथे वैद्यकीय उपचार हवेत आणि शील त्यांची जागा घेऊ शकत नाही.

आता त्या गृहस्थांच्या प्रश्नाचा गाभा. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ ॲलन मार्लॅट यांनी १९८५ मध्ये ज्युडिथ गॉर्डन यांच्यासह लिहिलेल्या पुस्तकात एका चक्राचे वर्णन केले आहे. पूर्ण त्यागाचा निश्चय केलेला मनुष्य एकदा घसरतो. ती घसरण तो प्रसंगाची न मानता स्वतःच्या स्वभावाची मानतो: मी असाच आहे. त्यातून लाज येते, लाज बुडविण्यासाठी पुन्हा प्याला हाती येतो, आणि एका घोटाचे पुनःपतन होते. या चक्रात पहिल्या घोटापेक्षा त्याचा लावलेला अर्थ अधिक घातक असतो. याच मार्लॅट यांच्या गटाने पुढे सिएटलच्या एका कारागृहातील दहा दिवसांच्या विपश्यना शिबिरांचा अभ्यास केला. इगतपुरीच्या धम्मगिरीवर १९७६ पासून चालणारी गोएंका गुरुजींच्या परंपरेचीच ती शिबिरे. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, सुटकेनंतरच्या तीन महिन्यांत शिबिरार्थींचे मद्य व मादक द्रव्यांचे सेवन इतर कैद्यांपेक्षा कमी होते. शिबिरात जाणारे स्वेच्छेने गेले होते, हा या अभ्यासाचा उणेपणा लक्षात ठेवावयास हवा.

अभिधम्माच्या परिभाषेत हे चक्र ओळखता येते. हिरी आणि ओत्तप्प, म्हणजे दुष्कृत्याची लाज आणि भय, ही दोन्ही शोभन चित्तांत येणारी. त्यांचे काम कृतीच्या आधी, तिच्यापासून मागे घेण्याचे. कृती घडून गेल्यावर तिच्याभोवती घुटमळत राहणारा पश्चात्ताप म्हणजे कुक्कुच्च. तो अकुशल आहे आणि पाच नीवरणांत त्याची गणना होते. मराठीत दोन्हींना आपण 'लाज' म्हणतो आणि दुसरीलाच सद्गुण समजतो. विहारात कुजबुजणारे लोक आपण हिरी जागवीत आहोत असे मानतात. प्रत्यक्षात ते कुक्कुच्च पोसतात. विनयाने यावर दिलेला उपाय अगदी कोरडा आहे: चूक चूक म्हणून पाहावी, योग्य व्यक्तीसमोर सांगावी, पुढे संवर राखावा. पित्याचा वध केलेल्या अजातसत्तूलाही सामञ्ञफल सुत्तात हाच क्रम लागू केला आहे, आणि अंबलट्ठिक-राहुलोवाद सुत्तात बाल राहुलालाही हाच.

संयुत्तनिकायाच्या सोतापत्तिसंयुत्तात सरकानि नावाच्या शाक्याचे सुत्त आहे. ब्रह्मदेशी पाठात हे नाव सरणानि असे येते. तो वारला तेव्हा तथागतांनी त्याला सोतापन्न म्हटले. कपिलवत्थूचे शाक्य चिडले. तो तर सिक्खेत दुर्बळ होता, मद्य पीत होता; मग आता कोणीही सोतापन्न होईल, असे ते म्हणू लागले. त्यांच्या तोंडी 'सिक्खादुब्बल्य' असा शब्द आहे, आणि निंदकांचा असूनही तो नेमका आहे: शिकण्यातील दुबळेपणा. महानामाने हे गाऱ्हाणे तथागतांना सांगितले. तथागतांनी सरकानि पीत नव्हता असे म्हटले नाही. दीर्घकाळ बुद्ध, धम्म, संघाला सरण गेलेला उपासक दुर्गतीला कसा जाईल, असे त्यांनी विचारले. समोरच्या शालवृक्षांना सुभाषित आणि दुर्भाषित यांतला भेद कळता, तर मी त्यांनाही सोतापन्न म्हटले असते, असेही ते म्हणाले. शेवटी त्यांनी सांगितले, की सरकानिने मृत्युसमयी सिक्खा अंगीकारली. क्रियापद तेच, आपण रविवारी म्हणतो ते.

हे सुत्त मी त्या गृहस्थांना वाचून दाखविले. त्यांनी एकच प्रश्न विचारला: पीत होता त्या काळात सरकानिने सरण सोडले होते काय? नव्हते, असे मी सांगितले. 'दीर्घकाळ' हा शब्द सुत्तातच आहे. सध्या ते एका व्यसनमुक्ती केंद्रात उपचार घेत आहेत आणि पौर्णिमेला विहारात येतात. मागच्या रांगेत बसतात. पाचव्या शीलाला त्यांचा आवाज अजून खालीच येतो, पण ऐकू येतो.